शेजारच्या कार्डावर

माझी मुलगी पहिली काही वर्षं माझी नव्हती. ती शेजारणीची होती, आणि मी तिला नुसतं सांभाळत होते. हे गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या घरात सगळे ते खरंच मानत होते, आणि त्या मानण्यापायीच ती एकदा हातची जायची वेळ आली.

लग्न होऊन मी सांगोल्याहून सोलापुरात आले ती शुक्रवार पेठेतल्या एका बोळात. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि तो ओटाही शेजारच्यांशी सामाईक. घरात सासूबाई, हे आणि मी. सासूबाई अक्कलकोटच्या पलीकडच्या. बोलायच्या मराठीत आणि रागवायच्या कानडीत. हे गिरणीत मागावर होते. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे बोळातल्या बायका मला शहाणी समजायच्या आणि सासूबाई अतिशहाणी. सांगोल्याकडं पाणी कमी पण तोंडाला धार भरपूर, असं हे म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

पहिली मुलगी पाळण्यातच गेली. दुसरा मुलगा बारशापर्यंतही टिकला नाही. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढेना. मुलगी झाली. नाव ठेवायच्या आधीच सासूबाईंनी तिला सुपात घातलं, उंबऱ्याबाहेर नेलं आणि शेजारच्या अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी बदल्यात मूठभर कोंडा दिला. झाला व्यवहार. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं असं मूल विकायची चाल होती. मूल या घरचं राहिलं नाही, मग ज्याची नजर या घरावर आहे ते कशाला त्याच्याकडं बघेल, असं त्यामागचं गणित. पाचवं वर्ष सरलं की देवाला जाऊन मूल परत घ्यायचं. तोवर आईबापानं चारचौघांत ‘आमचं मूल’ म्हणायचं नाही. कुणी विचारलंच तर शेजाऱ्यांचं म्हणून सांगायचं. मी बाळंतपणानं गळालेली होते, दोन मुलं पाठोपाठ घालवलेली होती. तेव्हा कुणी मला उलटं टांगून घ्या म्हटलं असतं तरी मी घेतलं असतं.

अक्का तेलुगू विणकरांच्या घरातल्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. दिवसभर ओट्यावर चरखा घेऊन बसायच्या आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांचे यजमान ह्यांच्याच गिरणीत, ह्यांच्याच पाळीत. दोघं बरोबर जायचे, बरोबर यायचे आणि वाटेत दोघं मिळून दहा शब्द बोलत असतील तर शपथ. अक्कांना मूल नव्हतं. मुलीला दूध मी पाजायचे, पण न्हाऊमाखू घालायला त्या यायच्या, झोपवायला त्या न्यायच्या. चरख्याच्या आवाजाशिवाय तिला झोप येईना. बोलायला लागली तशी त्यांना ‘अम्मा’ म्हणू लागली. अक्का मला ‘वैनी’ म्हणायच्या, म्हणून ती पण मला वैनी म्हणू लागली. पोटची पोर ‘वैनी, भाकरी’ म्हणून समोर उभी राहायची, आणि सासूबाई खूश होऊन म्हणायच्या, ‘ऱ्हाऊ दे की. तसंच चांगलं हाय.’

मला अक्कांचा राग यायचा. सरळ सांगते. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नव्हतं, उलट माझ्या मुलीवर जीव टाकला होता, आणि नेमका त्याचाच राग यायचा. कधी त्या तिला कडेवर घेऊन ओट्यावरून आत गेल्या की मी उगाच भांडी आपटायचे.

तर आता विम्याचं. गिरणी कामगारांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, आणि त्याबदली सरकारच्या विमा दवाखान्यात औषध फुकट. आधी हे फक्त कामगाराला होतं. मग घरच्यांनाही लागू झालं, बायकामुलांना इस्पितळात ठेवून घेण्यापर्यंत. त्यासाठी नवी कार्डं निघाली. गिरणीच्या कचेरीत रांग लावून प्रत्येकानं आपल्या घरच्यांची नावं लिहून द्यायची होती. हे कार्ड घेऊन आले, सासूबाईंनी ते देवापुढं ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि ट्रंकेत टाकलं. मी ते उघडून बघितलंही नाही. कार्ड आलं म्हणजे मूल त्यात असणारच, यात बघायचं काय?

पावसाळा सरत आला होता. मुलीला आधी सर्दी झाली, मग खोकला, मग ताप. ती चौथ्या वर्षात होती. एका सकाळी बघते तर बरगड्यांखाली खळगी पडताहेत, नाकपुड्या फुलताहेत, आणि रडायलाही दम पुरत नाही. न्यूमोनियाला आमच्याकडं ‘डबा’ म्हणायचे. पोरांना डबा झाला की काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. हे पहिल्या पाळीला गेलेले. मी ट्रंक उघडून कार्ड काढलं, मुलीला शालीत गुंडाळलं आणि विमा दवाखाना गाठला.

खिडकीतल्या कारकुनानं कार्ड उलटंपालटं केलं. मग माझ्याकडं बघितलं, मग शालीकडं.

‘कामगाराची आई, कामगाराची बायको. दोनच नावं आहेत. हे मूल कुणाचं?’

मला वाटलं याला वाचता येत नाही. कार्ड हातात घेऊन मी स्वतः वाचलं. सासूबाईंचं नाव होतं. माझं होतं. मुलांच्या जागेवर शाईनं आडवी रेघ मारलेली होती.

‘बाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं कार्डावर आणायची नसतात,’ तो म्हणाला. ‘रोज येतात अशी. सरका बाजूला.’

तोंडाला धार भरपूर असणारी मी तिथं एक शब्द बोलले नाही. काय बोलणार? माझी आहे म्हणून सांगायचं तर ते चारचौघांत म्हणायचं नाही, हे इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. ते भय अंगात कुठंतरी मुरलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मागं रांग खोळंबली होती, आणि शालीतून तो कण्हल्यासारखा श्वास येत होता. मी बाजूला सरकले आणि तशीच घरी आले.

ओट्यावर अक्कांनी माझ्या चेहऱ्याकडं बघून चरखा थांबवला. मी त्यांना सांगितलं. कार्डावर पोरीचं नावच नाही म्हणाले आणि रडू फुटलं, ते रागाचं होतं. अक्का उठल्या, हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, ‘तुमच्या कार्डावर कसं असंल, वैनी? आमच्या कार्डावर हाय की. आमच्या ह्यांनी लिवलंय तवाच.’

‘तुमच्या कार्डावर?’ मी विचारलं.

‘मग? आमी पोरगी घेतली ती काय खोटी घेतली व्हय? विचारलं सायबानं, पोरं किती, तर एक पोरगी म्हणून सांगितलं. न्हाय म्हटलं असतं तर इक्री मोडली असती की.’

पुढं ह्यांच्याकडून सगळं ऐकलं ते असं. दोघंही एकाच रांगेत, पुढंमागं उभे. कारकुनानं ह्यांना विचारलं, मुलं? हे म्हणाले, नाहीत. मागोमाग अक्कांच्या यजमानांना विचारलं, मुलं? ते म्हणाले, एक मुलगी. दोघांनी एकमेकांचं ऐकलं, दोघांनाही ते अगदी बरोबर वाटलं, आणि दोघं नेहमीसारखे न बोलता घरी आले. खोटं बोलायचं एकाच्याही मनात नव्हतं. माझ्या मुलीवर कुणाची नजर पडू नये म्हणून दोन बापे माणसं सरकारच्या कचेरीत आपापल्या परीनं खरंच बोलून आली होती.

भांडायला वेळ नव्हता. अक्कांनी आतून त्यांचं कार्ड आणलं, माझ्या हातातून मुलीला घेतलं आणि आम्ही टांगा करून पुन्हा निघालो. या वेळी खिडकीतला कारकून काही बोलला नाही. मी मागं, अक्कांच्या आडोशाला, तोंडावर पदर घेऊन उभी. दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती तपासून लगेच चिठ्ठी दिली, मोठ्या इस्पितळात न्या, उशीर करू नका. तसाच टांगा पुढं पिटाळला.

इस्पितळात नाव लिहिताना विचारलं, आईचं नाव? अक्कांनी स्वतःचं सांगितलं. न अडखळता सांगितलं. मी बाजूला उभी होते. माझ्यासमोर माझ्या मुलीच्या आईचं नाव दुसरंच लिहिलं गेलं, आणि मी त्या कारकुनाची लेखणी लवकर चालावी म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होते. माणसाला कसं कसं वागावं लागतं.

मुलांच्या वॉर्डात एका मुलामागं एकच बाई, असा नियम होता. दारावरच्या आयानं मला हातानं थोपवलं. ‘तुम्ही कोण?’

‘शेजारीण,’ मी म्हणाले.

‘शेजारणींनी व्हरांड्यात बसायचं.’

व्हरांड्यात वॉर्डाच्या खिडक्या होत्या, जाळीच्या. मुलीची खाट नेमकी खिडकीपासून दुसरी होती, एवढं नशीब. मी जाळीला लागून उभी राहिले. डॉक्टर आले, तपासून काहीतरी सांगून गेले. ती अक्कांच्या मांडीवर होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला तिचं इवलंसं पोट आत ओढलं जात होतं. ‘अम्मा,’ म्हणाली एकदा. अक्कांनी तिचं तोंड पुसलं. मग नर्स ट्रे घेऊन आली. पिचकारीत औषध भरता भरता तिनं सवयीनं विचारलं, ‘पेनिसिलिन पूर्वी कधी दिलंय? अंगावर गांधी उठल्या, सूज आली, असं काही?’

‘न्हाय, बाई,’ अक्का म्हणाल्या. ‘या पोरीला आजवर सुईच लागली न्हाय.’

त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. पण त्यांना सगळं माहीत नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन माहेरी गेले होते. तिच्या पायाला गळू झालं, तिथल्या डॉक्टरनं पेनिसिलिन टोचलं, आणि बघता बघता तिचं तोंड सुजलं, ओठ निळे पडले, घशातून शीळ वाजायला लागली. त्या डॉक्टरनं धावपळ करून दुसरं इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. निघताना त्यानं मला बजावलं होतं, हे औषध हिला पुन्हा दिलं तर हाती लागणार नाही, जिथं जाल तिथं आधी सांगा. सोलापूरला आल्यावर मी ते फक्त ह्यांना सांगितलं. मुलाचं दुखणं बोळात बोलायचं नाही, हाही सासूबाईंचाच नियम होता.

मी आयाच्या हाताखालून वॉर्डात शिरले. ‘ते औषध तिला चालत नाही,’ मी म्हणाले. ‘टोचू नका.’

नर्सनं पिचकारी धरलेला हात थांबवला, पण खाली घेतला नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, ‘तिची आई नाही म्हणतेय. तुम्ही कोण?’

अक्का माझ्याकडं बघत होत्या. आसपासच्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. तिच्याशी माझं नातं मी चारचौघांत कधी उच्चारलंच नव्हतं. बोलले आणि त्यामुळंच हिचं काही झालं तर, हा विचार त्या घटकेलाही आला, मॅट्रिक झालेल्या माझ्या डोक्यात आला. नर्स पुन्हा मुलीकडं वळली.

‘मी तिची आई आहे,’ मी म्हणाले.

‘मग ह्या कोण?’

अक्काच म्हणाल्या, शांतपणे, ‘जलम तिनं दिला, बाई. मी इकत घेतली. सुई ऱ्हाऊ द्या, ती सांगते ते खरं असंल.’

नर्सनं पिचकारी ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. ‘इकत घेतली’ या शब्दानं वॉर्डात कुजबुज सुरू झाली. डॉक्टर आले ते वैतागलेलेच. मी त्यांना सांगोल्याचं सगळं सांगितलं. ओठ निळे पडले असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी नर्सकडं नुसतं बघितलं आणि दुसरं औषध लिहिलं. हे पोटात द्यायचं, गुण यायला जरा उशीर लागेल, पण आता दुसरा इलाज नाही म्हणाले. मग इस्पितळाच्या कचेरीतला मोठा कारकून आला. आया त्याला सांगून आली होती.

‘मूल एकाचं, कार्ड दुसऱ्याचं. हे चालणार नाही. मुलाला हलवा.’

‘कुठं हलवू?’ डॉक्टर म्हणाले. ‘श्वास लागलाय तिला. दोघांचेही बाप विम्याचेच कामगार आहेत ना? मग आजचा दिवस असू दे. उद्या दुपारपर्यंत खऱ्या बापाच्या कार्डावर हिचं नाव चढवून, गिरणीचा शिक्का मारून आणा. नाही आणलं तर मला हिला ठेवता येणार नाही.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘आणि कार्डावर जी आई आहे तीच तोवर आत थांबेल. नियम आहे.’

तशी मी मुलीला अक्कांच्या मांडीवर ठेवून, त्यांचं कार्ड बरोबर घेऊन घरी आले.

गिरणीचा भोंगा होऊन हे घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते. सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, उद्या सकाळी कचेरीत जाऊन सांगायचं, मुलगी माझी आहे, कार्डावर नाव घाला. हे मटकन खाली बसले. जेवणाचा डबाही हातातून ठेवला नाही. आतून सासूबाई म्हणाल्या, ‘पाच वर्सं पुरी हुईपत्तोर म्हणायचं न्हाय. ठरलंय ते ठरलंय.’

‘आणि तिला तिथून काढली तर?’

‘तू म्हणलीस ना आज, माझी हाय म्हणून? आता बघ काय हुतंय.’

तेव्हा माझा तोल सुटला. ‘आत्या, तुमचा देव विम्याची कार्डं वाचतो का?’

त्या रागावल्या नाहीत, कानडीवर गेल्या नाहीत. खाली बघत म्हणाल्या, ‘देव न्हाय वाचत गं. ज्याला वाचायचं ते वाचतंय. दोन पोरं मी मांडीवर घेऊन बसलेवती. तू बेसुद होतीस. मी बघितलंय त्यांना जाताना.’

ती म्हातारी हट्टी नव्हती, भ्यालेली होती, आणि माझ्याइतकीच भ्यालेली होती. मी ह्यांच्यापुढं बसले. हे म्हणाले, ‘मी बोललो आणि ती गेली तर माझ्या बोलण्यानं गेली असं व्हईल.’

‘नाही बोललात आणि गेली तर तुमच्या न बोलण्यानं जाईल,’ मी म्हणाले. ‘मग मी या घरात राहणार नाही.’ ती काही धमकी नव्हती. मी खरंच राहिले नसते.

सकाळी ह्यांच्याबरोबर मीही गिरणीत गेले. ह्यांच्यावर माझा भरवसा नव्हता. अक्कांचे यजमान फाटकाशीच उभे होते. इस्पितळाचा निरोप गिरणीच्या कचेरीला आधीच गेलेला होता. कामगारांचं बघणारे साहेब मी नेलेली दोन्ही कार्डं टेबलावर मांडून बसले.

‘खोटं लिहून दिलं की काय होतं माहीत आहे का? दुसऱ्याच्या मुलाला आपलं म्हणून विम्यावर घातलं म्हणजे सरकारला फसवणं झालं. नोकरी जाईल.’ एवढं साहेब अक्कांच्या यजमानांना म्हणाले. मग ह्यांना, ‘आणि तू? स्वतःचं मूल असून नाही म्हणालास? का रे?’

दोघं खाली माना घालून उभे. साहेबांना सुपाची गोष्ट सांगायला दोघांपैकी एकाचंही तोंड उघडेना. मीच सांगितली, थोडक्यात. साहेब ऐकून घेत राहिले, हसले नाहीत. मग म्हणाले, ‘तुमच्या घरातलं तुमच्यापाशी. मला एकच सांगा. मुलगी कुणाची?’

हे गप्प. तिकडं दुपार होत आली की मुलीला खाटेवरून उचलणार होते. मी ह्यांच्या बाहीला हात लावला. आणि मग अक्कांचे यजमान, ज्यांना मी कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, ते म्हणाले, ‘साहेब, माझी न्हाय. मला पोरबाळ न्हाय.’

एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटतं, त्यांनी आधी सोडली म्हणूनच ह्यांना धरता आली. हे म्हणाले, ‘माझी आहे, साहेब. लिहा.’

साहेबांनी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही. समज दिली आणि सोडून दिलं. ह्यांच्या कार्डावर ती आडवी रेघ खोडून मुलीचं नाव आलं. शेजारच्या कार्डावरून ते गेलं. दोन्हीवर शिक्के बसले. मी दोन्ही कार्डं घेऊन इस्पितळाकडं अक्षरशः पळत सुटले.

मुलगी शुद्धीवर होती. ताप उतरायला लागला होता, बरगड्यांखालची ओढ कमी झाली होती. नर्स म्हणाली, नवं औषध लागू पडतंय, आता घाबरायचं कारण नाही. ती अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांच्या बांगड्यांशी खेळत होती. अक्कांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी पाठ टेकलेली दिसत नव्हती. मी काही सांगायच्या आधीच मागून मोठा कारकून आला, कार्डं बघितली, वहीत खाडाखोड केली आणि अक्कांना म्हणाला, ‘बाई, आता तुमचं काम नाही इथं. आईनं थांबायचं. तुम्ही बाहेर बसा.’

अक्का उठल्या. विरोध नाही, काही नाही. मुलीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं, लुगडं झटकलं, चपला पायात घातल्या. मुलीनं त्यांचा पदर मुठीत धरला आणि रडायला लागली, ‘अम्मा, मला घे’ म्हणून. रडली की पुन्हा खोकल्याची उबळ यायला लागली.

अक्का वाकल्या. दोन्ही हात पुढं केले आणि तसेच मधेच थांबवले. मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या पोरीला हातात घ्यायच्या आधी त्यांनी कधी कुणाकडं बघितलं नव्हतं. हक्कानं उचलायच्या, माझ्या पुढ्यातून, माझ्या ताटावरून, मी भांडी आपटत असताना. आज त्या विचारत होत्या. इतकी वर्षं मला नेमकं हेच हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा मला इतकी लाज वाटली की मला त्यांच्याकडं बघवेना.

मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी तिला उचललं, खांद्यावर थोपटलं, उबळ शांत होईपर्यंत घेऊन उभ्या राहिल्या. मग माझ्या मांडीवर दिली आणि व्हरांड्यात निघून गेल्या. मुलगी माझ्या मांडीवरून दाराकडं बघत राहिली.